आधी बल्ब बघ

मी धुळ्याची. माझं डोकं लवकर तापतं, आणि हा आमच्याकडच्या उन्हाचा गुण आहे असं मी लग्नाआधीच सासरी सांगून ठेवलं होतं, म्हणजे नंतर कुणी तक्रार करायला नको. सासर सावद्याचं. सासऱ्यांचे केळी पिकवायचे तीन चेंबर आहेत, गावाबाहेर, रावेरच्या रस्त्याला. नवरा जळगावला कॉलेजात शिकवतो, रोज जाऊन येऊन करतो. आणि मी घराच्या माडीवर बसून पुण्याच्या एका कंपनीसाठी कर्नलचा कोड लिहिते.

कर्नल म्हणजे काय, हे मी सासूबाईंना लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात समजावायला गेले. म्हटलं, "आई, मशीन चालू केलं की आत सगळ्यात आधी जो उठतो आणि बाकीच्या सगळ्यांना एकेक करून उठवतो, तो कर्नल."

त्या कणीक मळत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "म्हणजे मी."

इतकी नेमकी व्याख्या मला चार वर्षं इंजिनिअरिंग शिकून कुणी सांगितली नव्हती. माझं कामही त्यातच आलं. कुणाला कुणाच्या आधी उठवायचं याचा क्रम कुठे चुकलाय ते मी शोधते. पाणी तापायच्या आधी एखादा टॉवेल गुंडाळून न्हाणीघरात जाऊन बसला, की आतून बोंब येणारच. मशीनमध्ये मात्र बोंब येत नाही. तिथे तो गार पाण्यालाच गरम समजतो आणि गुपचूप अंघोळ करून येतो. खरा वैताग तोच आहे.

तर एक दिवस कंपनीनं फर्मान काढलं, सगळ्यांनी पुण्याला ऑफिसात यायचं. सोमवार ते शुक्रवार. नवरा इथे, घर इथे, आणि मी तिकडे कुठल्या तरी खोलीत डबा लावून राहायचं? मी साहेबांना फोन लावला. म्हटलं, आपण हा तापमान सांभाळणारा बोर्ड कशासाठी बनवतोय? केळी पिकवायच्या चेंबरसाठी. चेंबर कुठे आहेत? माझ्या घरापासून स्कूटीवर दहा मिनिटांवर. मग मला तिकडे बोलावून तुम्ही तपासणार कशावर, फ्रीजवर?

साहेब शांत माणूस. म्हणाले, "ठीक आहे. एक महिना. खऱ्या चेंबरमध्ये, खऱ्या केळीवर. बोर्डानं नीट काम केलं तर तुम्ही तिथेच राहा. नाहीतर पुढच्या एक तारखेला इथे या."

मी लगेच हो म्हणून बसले. फोन ठेवल्यावर आठवलं की चेंबर सासऱ्यांचे आहेत आणि त्यांना मी विचारलेलंच नाही. दिवसभर क्रमाच्या चुका शोधणाऱ्या बाईची ही तऱ्हा.

रात्री जेवताना विषय काढला. आबा, म्हणजे माझे सासरे, कमी बोलतात. त्यांनी भाकरी संपवली, ताक प्यायलं, मिशा पुसल्या. मग म्हणाले, "तीन नंबर घे. एक महिना. पण लाइनवर चालव. इन्व्हर्टरचे लाड करायचे नाहीत."

"आणि केळी शिजली तर?" सासूबाईंनी विचारलं.

"तर मी पुण्याला जाईन," मी म्हटलं.

"म्हणजे केळीही जाईल आणि सूनही," असं म्हणून त्या भांडी उचलायला लागल्या.

आता आबांच्या बल्बाबद्दल सांगायला हवं. चेंबरच्या दारावर वायरीला लोंबकळणारा एक जुना पिवळा बल्ब आहे. लाइन गेली आणि परत आली की तिथे एक कवायत होते. आबा दारासमोर उभे राहतात आणि उजवा हात वर करतात. सगळे जागच्या जागी थांबतात. बल्ब आधी लालसर, मरतुकडा पेटतो. मग पिवळा होतो. मग हळूहळू पांढरा. पांढरा झाला की आबा हात खाली घेतात, "हां" म्हणतात, आणि चेंबरवरचे भाऊ एक नंबरच्या कंप्रेसरचं बटण दाबतात. मग दोनचं. मग तीनचं. हे भाऊ पन्नाशीचे आहेत, आबांकडे वीस वर्षं आहेत, आणि आबांचा हात खाली आल्याशिवाय त्यांनी एकदाही बटण दाबलेलं नाही.

मला याचं हसू यायचं. म्हटलं, व्होल्टमीटर नावाची वस्तू जगात असते की नाही? भाऊंनी दाखवला. होता. तो दोनशे तीसवर अडकून बसला होता, लाइन गेलेली असतानासुद्धा.

तर बोर्ड लावला. याचं काम साधं. चेंबरमधल्या सेन्सरकडून तापमान घ्यायचं, दारावरच्या पाटीवर आकडा दाखवायचा, आणि ते सतरा अंशांच्या आसपास ठेवायचं. वाढलं तर कंप्रेसर, कमी झालं तर हीटर. जानेवारीचे दिवस होते, सातपुड्याकडून गार वारं येत होतं, हीटर लागायचाच. हिरव्या केळीचे कॅरेट आत रचले, पिकवायचा गॅस सोडला, दार लावलं. तीन दिवस सगळं छान चाललं. मी माडीवरून खाली येताना गुणगुणायला लागले होते.

चौथ्या दिवशी सकाळी लाइन गेली. अकराला आली. पाठोपाठ भाऊंचा फोन आला, "वहिनी, तीन नंबरमध्ये बर्फ पडला."

"काय?"

"पाटीवर शून्य दाखवून राह्यला. आणि आतून गरम वाफा येऊन राह्यल्या."

स्कूटी कशी चालवली ते मला आठवत नाही. पाटीवर खरंच शून्य. बोर्डाला वाटत होतं आत काश्मीर आहे, म्हणून बिचारा जीव तोडून हीटर चालवत होता. भाऊंनी दार उघडून टाकलं होतं म्हणून केळी वाचली. बोर्ड बंद करून चालू केला, तर सतरा. पुन्हा बंद केला, चालू केला, सतरा. वीस वेळा केलं. वीसही वेळा शहाण्यासारखा सतरा.

साहेबांना कळवलं. त्यांनी पुण्यात दिवसभर एका मुलीला बसवलं. संध्याकाळी म्हणाले, "इथे दोनशे वेळा बंद-चालू केला. एकदाही शून्य नाही. तुमच्याकडचा बोर्डच खराब असेल."

"बोर्ड खराब नाही, साहेब," मी अत्यंत शुद्ध मराठीत म्हटलं. फोन ठेवल्यावर उरलेलं अहिराणीत म्हटलं, ते इथे लिहिण्यासारखं नाही. फक्त शेवटचं वाक्य सांगते, "हाई काय शे, बठ्ठं मन्हाच डोक्यावर?" म्हणजे, हे काय, सगळं माझ्याच डोक्यावर? सासूबाईंना माझी भाषा पुरती कळत नाही, पण सूर कळतो. त्यांनी चहा आणून ठेवला.

मग मी जुनी युक्ती केली. कोडमध्ये पावलापावलावर निरोप घातले. इथे आलो, याला उठवलं, त्याला उठवलं, आता सेन्सरला विचारतोय. म्हणजे पुढच्या वेळी शून्य आलं की कुठे घसरला ते कळेल. आणि काय सांगू? दोन दिवसांत लाइन पाच वेळा गेली-आली, पण शून्य एकदाही नाही! मला वाटलं मी चुकून दुरुस्तच करून टाकलं. निरोप काढून टाकले. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्याच झटक्याला शून्य. मी माडीवरच्या टेबलावर अशी मूठ आपटली की खालून सासूबाई ओरडल्या, "टेबल आमच्या लग्नातलं आहे!"

पण तिथेच खूण पटली. निरोप लिहायला वेळ लागतो. एकेक अक्षर वायरीवरून जातं, तेवढ्यात थोडा थोडा उशीर होतो. म्हणजे उशीर झाला की ठीक, घाई झाली की शून्य. म्हणजे बोर्ड खराब नाही, सेन्सर खराब नाही. कुणीतरी सेन्सर उठायच्या आधीच त्याला तापमान विचारत होतं, झोपेतला माणूस काही बोलत नव्हता, आणि त्या न बोलण्यालाच हा शहाणा शून्य समजून दिवसभर धरून बसत होता.

शून्य हा फार लबाड आकडा आहे. चालू होताना मशीनमध्ये सगळ्या जागा शून्यच असतात, आणि तापमानही शून्य असू शकतं. त्यामुळे खरं शून्य कुठलं आणि रिकामं कुठलं ते ओळखू येत नाही. मी ठरवलं, रिकाम्या जागी असा आकडा ठेवायचा की जो उचलेल तो रंगेहाथ सापडेल. नऊशे नव्व्याण्णव ठेवला. कुणी तो वाचला की त्याचं नाव लगेच टिपून ठेवायचं, अशीही सोय केली. साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, छान. चेंबरवर मात्र कुणालाच सांगितलं नाही, कारण मला वाटलं पाटीकडे कोण बघतंय.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी पोचले तेव्हा तीन नंबरच्या समोर जत्रा भरली होती. लाइन आल्याआल्या पाटीवर नऊशे नव्व्याण्णव झळकलं होतं. भाऊंनी आरोळी ठोकली, "पेटली रे केळी!" आणि तिन्ही चेंबरचा मेन स्विच ओढला. शेजारच्या पॅकिंग शेडवरून माणसं ओली पोती घेऊन धावत आली. कॅरेट बाहेर काढायची रांग लागली. एक जण वाळूची बादली घेऊन आला होता आणि ती कुठे ओतायची हे सगळ्यांना विचारत फिरत होता. बाहेर उन्हात हिरवीगार, थंडगार केळी आणि तिच्याभोवती घामाघूम झालेली पंधरा माणसं.

आबा मोटरसायकलवरून उतरले. एक फणी उचलली, गालाला लावून बघितली, खाली ठेवली.

"नऊशे नव्व्याण्णव?"

"खोटं आहे ते, आबा. मीच लिहिलं होतं. चोर पकडायला."

"सापडला?"

मी तिथेच कॅरेटवर लॅपटॉप उघडला. बॅटरीवर बोर्ड जागवून टिपण काढलं. सेन्सरकडून माप घेणारा कोड सेन्सरला वीज देणाऱ्या कोडच्या आधी उठत होता. कुणाच्या आधी कोण, हे एका यादीतल्या क्रमावर ठरतं. ती यादी सहा महिन्यांपूर्वी कुणीतरी अक्षरानुसार लावली होती, नीटनेटकी दिसावी म्हणून. बदल कुणी केला त्याचं नाव शेजारीच असतं. मी वाचलं आणि माझे कान गरम झाले.

"सापडला," मी म्हटलं.

"कोण?"

"मीच."

वाळूच्या बादलीवाला म्हणाला, "मग ही नेऊ का परत?"

पण पुण्यात दोनशे वेळा का चुकलं नाही? हे कोडं अजून तसंच होतं. मेन स्विच वर केला, आणि तेवढ्यात नेमकी लाइन पुन्हा गेली, आणि पाच मिनिटांनी आली. मी आबांच्या शेजारीच उभी होते. त्यांनी हात वर केला. आणि चारी बाजूंच्या केळीच्या बागांतून एकदम घरघर सुरू झाली. आमच्याकडे प्रत्येक विहिरीवर ऑटो लावलेला असतो, म्हणजे लाइन आली की मोटर आपोआप चालू. मालक घरी पाटावर बसून जेवत असला तरी पाणी सुरू. सगळेच तसं करतात, त्यामुळे लाइन येते त्याच क्षणी गावातल्या सगळ्या मोटरी एकदम तिच्यावर तुटून पडतात. आबांचा बल्ब लाल, मलूल, आता विझेल की मग विझेल असा लुकलुकत होता.

अगं बाई! लाइन येत होती, पण अशक्त येत होती. पुण्यात पूर्ण दाबाची वीज, सेन्सर डोळे मिचकावत लगेच उठायचा, म्हणून माझी चूक नशिबानं झाकली जायची. सावद्यात लाइन आल्याआल्या त्याला अंथरुणातून उठायलाच वेळ लागायचा; त्या दिवशी मी वीस वेळा तपासलं तोवर लाइन सावरली होती. आणि हे ओळखायचं यंत्र माझ्या डोक्यावर वायरीला लोंबकळत होतं.

मी यादीचा क्रम नीट केला. पण लाइन अशक्त असली तर नुसत्या क्रमानं भागत नव्हतं, वीज द्यायला सांगितलं तरी ती पोचायला वेळ लागे. म्हणून वर दहा सेकंदांची सक्तीची विश्रांती घातली. पाच मिनिटांचं काम. आबांना अभिमानानं सांगायला गेले. "आबा, आता तो तुमच्यासारखा थांबतो. दहा मोजतो, मग विचारतो."

आबांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी कच्ची केळी पिकली म्हणून विकायला काढली होती. "मी कधी दहा मोजले?"

"म्हणजे... तुम्ही थांबता ना."

"मोजून काय होतं? कधी पाचात येते, कधी पन्नासात. पाण्याची पाळी असली तर शंभरातही येत नाही. मोजायचं नाही. आधी बल्ब बघ."

माझं डोकं सणकलं. ते बरोबर बोलत होते म्हणून जास्तच सणकलं. धाडधाड जिना चढले, जेवायला हाक आली तर भूक नाही म्हणून सांगितलं, आणि तासाभरानं स्वयंपाकघरात जाऊन उभ्याउभ्या दोन भाकरी खाल्ल्या. लाज मला याची वाटत होती, की खरा उपाय मला ठाऊक होता. कर्नलमध्ये त्याची सोय केव्हाची आहे. ज्याला हवं ते अजून तयार नसेल त्यानं सरळ म्हणायचं, माझं अजून जमत नाही, मी नंतर येतो. कर्नल त्याला रांगेत मागे पाठवतो, बाकीची कामं उरकतो आणि पुन्हा विचारतो. म्हणजे मोजायचं नाही, बघायचं. मी हे केलं नव्हतं, कारण त्याला दोन दिवस लागणार होते आणि दहा सेकंदांना पाच मिनिटं.

दोन दिवस लागले. त्या ओळींच्या डोक्यावर मी देवनागरीत टीप लिहिली, "आधी बल्ब बघ." पुण्याहून कोड तपासणाऱ्या मुलीनं विचारलं, कोणता बल्ब? मी तिला अर्धा तास फोनवर सांगितलं. ती म्हणाली, टीप राहू दे.

त्यानंतर लाइन आली की तीन नंबरच्या पाटीवर आकडा यायच्या आधी "थांबा" अशी अक्षरं यायला लागली. भाऊ म्हणाले, "वहिनी, हा पण आबांसारखा हात वर करून राह्यला." आबा मात्र बल्बाकडे बघायचे, मग पाटीकडे, मग पुन्हा बल्बाकडे. बल्ब पांढरा व्हायचा आणि पाटीवर सतरा यायचं, मागंपुढं क्षणभराच्या फरकानं. केळी पिकून पिवळी झाली, गाड्या भरून गेल्या, नवी हिरवी केळी आली.

महिना संपत आला तसं आबांनी रोज जेवताना विचारायला सुरुवात केली, "पुण्याचा फोन?"

"नाही."

"बरं."

एकदा सासूबाईंनी पोळी वाढताना सहज सांगितलं, "भुसावळहून पुण्याची गाडी किती वाजता असते, ते विचारत होते तुझे सासरे." म्हटलं, एवढी घाई? शून्य झालं, नऊशे नव्व्याण्णव झालं, उन्हात केळी आली, पण आता तर सगळं नीट चाललंय ना! मला फार वाईट वाटलं. त्या दिवशी मी आबांशी मोजकंच बोलले, आणि ते मुळातच मोजकं बोलत असल्यामुळे कुणाच्या लक्षातही आलं नाही.

फोन आला तो महिन्याच्या शेवटच्या गुरुवारी, दुपारी. साहेबांनी सगळ्या नोंदी बघितल्या होत्या. एकही शून्य नाही, एकही वावगा आकडा नाही. म्हणाले, "तिथेच राहा. पुढचे बोर्डही तिथेच तपासू." मी चपला उलट्यासुलट्या घातल्या आणि स्कूटी काढली.

चेंबरच्या अंगणात शिरले तर नुकतीच लाइन आली होती. बागांतून मोटरींची घरघर. आबा दारासमोर उभे, पाठ माझ्याकडे.

"आबा, फोन आला पुण्याचा..."

त्यांनी हात वर केला. मागे वळून न बघता म्हणाले, "थांब."

मी थांबले. भाऊ एक नंबरच्या बटणापाशी तयार उभे होते. बल्ब लाल झाला, पिवळा झाला. तीन नंबरच्या पाटीवरचं "थांबा" गेलं आणि सतरा आलं. बल्ब पांढरा झाला, लख्ख. आबांचा हात वरच. मी बघत राहिले. बल्ब हलत नव्हता, लुकलुकत नव्हता. आबा मात्र त्याच्याकडे बघत तसेच उभे होते, जणू मला बोलूच द्यायचं नव्हतं. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला की गाडीची वेळ त्यांनी कशासाठी विचारली होती. मला पाठवायची घाई नव्हती त्यांना. जायची वेळ आली तर किती वेळ हातात उरेल, ते बघत होते.

मग त्यांनी हात खाली घेतला. "आता बोल."

"राहतेय, आबा. इथेच."

"बरं," ते म्हणाले, आणि नळाकडे जाऊन तोंड धुवायला लागले. बराच वेळ धूत राहिले.

भाऊ बटणावर बोट ठेवून माझ्याकडे बघत होते. वीस वर्षांत पहिल्यांदा आबा हात खाली घेऊन "हां" म्हणायचं विसरले होते.

"दाबा, भाऊ," मी म्हटलं.